सकू विहिणीचं राहिलेलं उत्तर

मुरबाडची जीप रविवारी सकाळी साडेदहाला अंगणात शिरली, तेव्हा हनुमान विशे पेरूच्या झाडाखाली, आपण इथं सहजच उभे आहोत असा चेहरा करून उभा होता. पाच आठवडे तो ह्या जीपची वाट बघत होता, आणि ती येऊ नये अशी इच्छाही त्याच पाच आठवड्यांत करत होता. वाशिंदच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तिन्ही पाळ्या केलेल्या माणसाला दोन्ही एकदम जमतं.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. टेप बंद करायला त्याला जरा उशीर झाला. 'रुसली! रुसली!' असं दोनदा अंगणात सांडलं, मागून गिटारचा एक खरवडल्यासारखा आवाज आला, आणि मग ते बंद पडलं.

"ह्याला मी तीनदा सांगितलं," वाळू देसले उतरता उतरता म्हणाला. हा हनुमानाच्या थोरल्या लेकीचा, दिपिकाचा, सासरा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत प्लास्टिकची फाइल. "तीनदा. पेट्रोलपंपावर, टोकावड्याच्या फाट्यावर आणि आता वळणावर."

"आपोआप लागतं ते, शेठ," ड्रायव्हर म्हणाला.

मागून जावई शाम उतरला. त्यानं सासऱ्याला नमस्कार केला आणि लगेच स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. शेवटी वाळूची बायको सकुबाई उतरली आणि जीपच्या दाराशीच थांबली. ज्या गाण्यावरून हे चाललं होतं त्यात नाव तिचं होतं. त्यामुळे तिला कुणी काही विचारत नव्हतं.

भानगड साधी होती, म्हणून तर ती मिटत नव्हती. तीन वर्षांपूर्वी ह्याच अंगणात दिपिकाचं लग्न लागलं आणि रीतीप्रमाणे मुलीकडच्या बायकांनी विहिणीला गाणी म्हटली. विहिणीला गाणी म्हणायची म्हणजे तिला मांडवात, सगळ्यांदेखत, नाव घेऊन तोंडभर बोलायचं. तिनं वाईट वाटून घ्यायचं नाही. मग तिनं उठून त्याच चालीवर मुलीकडच्यांना उलट बोलायचं. मांडव सुटला की सगळं पुसलं. हनुमानाची थोरली विधवा बहीण गुणाबाई ह्या कामात शहापुरापासून मुरबाडपर्यंत नावाजलेली होती. तिनं त्या दिवशी सकू देसलिणीवर जागच्या जागी गाणं रचलं, आणि हनुमानाच्या धाकट्या लेकीनं, नम्रतानं, ते टेपवर उतरवून घेतलं. इथपर्यंत कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

मग नम्रता शिकायला मुंबईच्या होस्टेलवर गेली आणि तिथं तिला एका मैत्रिणीनं कॅसेट दिली. तीस वर्षांपूर्वी विलायतेत काही पोरींनी हातात गिटारी घेतल्या होत्या, त्या नीट वाजवायला शिकण्याआधीच स्टेजवर चढल्या होत्या, आणि गोड गाण्याऐवजी ओरडल्या होत्या. ह्याला पंक म्हणत. पंक म्हणजे काय हे विश्यांच्या घरात एकट्या नम्रताला ठाऊक होतं, आणि ती समजावून सांगायला लागली की तेवढंही राहायचं नाही. तिनं आणखी दोघी जमवल्या, एक डोंबिवलीची, एक अंधेरीची. तिघी बिनलग्नाच्या. बँडचं नाव ठेवलं 'विहिणी'.

त्यांचं पहिलं गाणं आत्याचंच होतं. शब्दाला शब्द, फक्त तिप्पट वेगानं. शब्दाला शब्द म्हणजे नावासकट. नाव बदलावं हे नम्रताच्या डोक्यातच आलं नाही, कारण नाव घेतलं नाही तर ते विहिणीचं गाणंच नव्हे, असं आत्यानं लहानपणापासून घोकून घेतलं होतं. सीडी निघाली, सीडीवरून गाणं मोबाइलवर गेलं, आणि ह्या २००७ सालच्या मार्चपर्यंत ते शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या प्रत्येक जीपमध्ये होतं. सकुबाई बाजारात वांगी निवडायला वाकली की मागून कोणीतरी 'रुसली!' म्हणायचं. वाळू देसल्यानं सुनेला जीपमध्ये घातलं, माहेरी आणलं, आणि "गाणं परत घ्या, मग पोरीला परत नेतो," असं म्हणून सोडून गेला.

"बसा," हनुमान पडवीत म्हणाला आणि आत बायकोला हाक मारली. "चंद्रकला, चहा ठेव गो."

"चहा नको," वाळू म्हणाला. "आधी काम." त्यानं फाइलमधून शंभराचा स्टँपपेपर काढला. टाइप करून आणलेला होता. "वकिलाकडून करून घेतलाय. वाचतो. 'मी, कुमारी नम्रता हनुमान विशे, वय वर्षं बावीस, धंदा…' इथं मोकळं ठेवलंय. धंदा काय लिहायचा ते वकिलाला कळेना."

"गायिका लिहा," शाम म्हणाला.

"तू गप," वाळू म्हणाला आणि पुढं वाचू लागला.

"'…लिहून देते की सदर गाणे मी यापुढे कोठेही गाणार नाही, वाजवणार नाही, तसेच कोणतेही वाद्य हाती धरणार नाही, आणि सदर गाणे ज्या ज्या मोबाइलमध्ये असेल त्या त्या मोबाइलमधून पुसून टाकीन.'"

हनुमानानं मान डोलावली. त्याला कायदेशीर मराठी ऐकली की पटायचंच. "सगळ्या मोबाइलमधून कसं पुसणार पण?"

"तो तिचा प्रश्न."

"शहापूर तालुका धरून?"

"मुरबाड पण."

"आणि कुठलंच वाद्य नाय? झांजा पण नाय? आरतीला?"

वाळूनं थोडा विचार केला. "आरतीला चालेल. पेनानं वर लिहू."

*

दिपिका स्वयंपाकघरात दाराआड उभी होती. उद्या सोमवार होता, आणि तिचं सगळं त्या सोमवारात होतं.

जानेवारीत तिला सासरच्या गावात अंगणवाडी सेविका म्हणून नेमणूक मिळाली होती. एकतीस पोरं, एक वजनकाटा, सात रजिस्टरं आणि दाराला नवीन कुलूप. सेविका त्याच गावची राहणारी लागते. पाच आठवडे मदतनीस बाईनं कसंबसं रेटलं होतं. शुक्रवारी सुपरवायझर बाईंचा फोन आला: सोमवारी हजर झाली नाहीस तर यादीतलं दुसरं नाव घ्यावं लागेल. दुसरं नाव सरपंचाच्या सुनेचं होतं. ती यादीत दुसरी आली हाच मुळी चमत्कार होता, आणि असा चमत्कार दोनदा होणार नव्हता.

"सही कर," ती नम्रताला म्हणाली.

नम्रता माळ्याच्या शिडीवर बसली होती. पायाशी गिटार, अंगात बिनबाह्यांचा काळा टीशर्ट. केस तिनं स्वतः कापले होते आणि ते तसंच दिसत होतं.

"ऐकलंस ना काय लिहिलंय? कुठलंच वाद्य नाय."

"आरतीला चालेल बोलले."

"ताई!"

"काय ताई? मला उद्या साडेनऊला कुलूप उघडायचंय. तू सही कर आणि मुंबईला जाऊन काय वाजवायचं ते वाजव. मुंबईला कोण बघायला येणाराय?"

"नाव बदलते बोलले ना मी. सकूच्या जागी दुसरं काहीपण घालते."

"आता बदलून काय? लोकांच्या तोंडात बसलंय ते." दिपिकानं आवाज खाली आणला. "तुला काय वाटतं, मला आवडत नाय? मीपण म्हटलंय गो ते, भाकऱ्या करताना. चांगलं आहे. पण तू ओरडतेस मुंबईत आणि ऐकून घेते मी मुरबाडात."

चंद्रकला चुलीशी वाकून चहा गाळत होती. नको म्हटलेला चहा तिनं सहा कप केला होता. "दिपिकाचं बरोबर आहे," ती म्हणाली. "मला तर पयल्यापासून ते आवडत नव्हतं. बाईनं इतकं ओरडू नये."

कोपऱ्यातून गुणाबाई हसली. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज गेला होता. राहिला होता तो सुपात धान्य सरकावं तसा. बोलायची तेव्हा सगळ्यांना गप्प बसावं लागायचं, त्यामुळे आवाज होता तेव्हापेक्षा तिचं आता जास्त ऐकलं जायचं.

"तू तुझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात," ती भावजयीला म्हणाली, "मांडवाचा खांब धरून ओरडत होतीस. मी होते."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळी?"

चंद्रकलानं चहाचा ट्रे उचलला.

नम्रता आत्याकडे बघत राहिली. होस्टेलवरून पहिल्यांदा ती कॅसेट आणली होती तेव्हा आत्यानं ती पूर्ण ऐकली होती, डोळे मिटून, दोन्ही बाजू. मग विचारलं होतं, 'ह्यांच्या विहिणीनं काय केलं गो एवढं?' विहीण नाही आत्या, नम्रता म्हणाली होती, ह्या सगळ्यांवरच चिडल्यात, दुकानदारांवर, सरकारवर, मासिकांतल्या गोऱ्यागोमट्या फोटोंवर. 'म्हंजे मानपानात कुठंतरी कमी पडलंय,' आत्या म्हणाली होती. आणि मग, 'आता म्हाताऱ्या झाल्या असतील ह्या.' झाल्या असतील. 'तरी ऐकता तुमी पोरी?' ऐकतो, आणि त्यांचं ऐकून नव्या पोरी बँड काढतात, दर पाच-सहा वर्षांनी, कुठं कुठं, जपानात पण. आत्यानं मान हलवली होती. 'असंच लागतं. मला पण वाशाळ्याच्या धोंडूबाईनं शिकवलं. तिला पण येत नव्हतं. पण ती घाबरत नव्हती.'

त्या दिवशी नम्रताला वाटलं होतं की पंक म्हणजे काय हे तिला आता कळलं. ते कोणाला सांगायची वेळ मात्र आली नव्हती. आज तर नव्हतीच.

"नमू," पडवीतून हनुमानाची हाक आली. "बाहेर ये. पेन आहे."

*

सकुबाई पडवीच्या कडेला, खांबाला टेकून बसली होती. तिच्या तीन बाजूंना तिचं नाव चाललं होतं. 'सदर गाण्यातील सकुबाई वाळू देसले यांची बदनामी.' 'सकुबाईला बाजारात जायची चोरी.' 'सकुबाईच्या मनाला किती लागलंय ते मला विचारा.' हे शेवटचं तिचा नवरा म्हणाला. तिला नवल वाटलं. त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं.

खरं तर सकुबाईनं ते गाणं पूर्ण ऐकलंच नव्हतं. ती घरात आली की कोणीतरी झटकन बंद करायचं. जीपमध्ये ड्रायव्हर बंद करायचा. बाजारात फक्त 'रुसली' तेवढंच यायचं. आपल्यावर एवढं मोठं गाणं झालंय आणि आपण सोडून सगळ्या तालुक्यानं ते ऐकलंय, हे तिला पाच आठवडे आतून खात होतं. बदनामीचं ठीक होतं. पण नीट केलीय की नाही, हे बघायला नको?

नम्रता बाहेर आली. वाळूनं पेन पुढं केलं.

"थांब," सकुबाई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"मला ऐकायचंय ते. सगळं."

"कशाला?" वाळू म्हणाला. "परत त्रास करून घेणार?"

"माझं नाव आहे. मला ऐकू दे."

हनुमानानं वाळूकडे बघितलं, वाळूनं शामकडे. शामनं खिशातून मोबाइल काढला. गाणं त्याच्याकडेच होतं. वाळूनं मुलाकडे ज्या नजरेनं बघितलं ती शामला पुढं दोन-तीन वर्षं पुरली असती.

मोबाइलचा आवाज बारीक होता, पण गाणं मोठं होतं. आधी ढोलकासारखं काहीतरी कोसळलं. मग गिटार. मग नम्रताचा आवाज, फाटलेला, घाईघाईचा, एका दमात:

सकू विहीण आली गो, मांडवात बसली,
बसायला दिला पाट, तर पाटावर रुसली,
पाट घेतला काढून, तर भुईवर रुसली,
सकू विहिणीची रुसवी, मुरबाडात नाय मावली!

आणि तिघी मिळून: रुसली! रुसली! रुसली!

सकुबाईनं पूर्ण ऐकलं. तोंडावर काही नव्हतं. संपल्यावर तिनं विचारलं, "पुढचं कडवं?"

"पुढचं नाय," नम्रता म्हणाली. "एवढंच आहे."

"होतं. जेवणाच्या पंगतीचं. लाडवावर रुसली ते. गुणाबाय?"

दाराशी येऊन बसलेल्या गुणाबाईनं मान हलवली. होतं. टेप संपली होती तेव्हा.

"बरं. आणि माझं?"

"तुमचं काय मावशी?"

"माझं उत्तर." सकुबाईनं पदर खांद्यावर ओढला. "ही एक बाजू आहे. दुसरी कुठं आहे?"

गुणाबाईच बोलली, ऐकायला सगळे वाकले. "तू दिलंच नाय, सकू. मी वाट बघत होते. तू उठलीस आणि परत बसलीस."

"बसले नाय. मी उठले, तोंड उघडलं, आणि बेंजो सुरू झाला." ती नवऱ्याकडे बघत नव्हती. त्याच्या फाइलकडे बघत होती. "वरातीचा टाइम झाला म्हणून ह्यांनी बेंजोवाल्यांना हात केला. आठ भोंगे होते. माझं कोणाला ऐकू जाणार?"

"टाइम झालाच होता," वाळू म्हणाला.

"तीन वर्षं झाली. घरी भात लावताना म्हणते, रोपाच्या वाफ्यात राब भाजताना म्हणते. एकटीच, नवीन कडवी जोडत. उत्तर द्यायला समोर कोणी लागतं." मग ती नम्रताकडे वळली. "तुझ्या त्या सीडीत माझं पण घाल. आणि मोबाइलमध्ये पण. जिथं जिथं हे आहे तिथं तिथं."

"चालेल," नम्रता म्हणाली. तिच्या तोंडून ते विचार करायच्या आधी निघालं.

"नाय चालणार!" वाळू उभा राहिला. "अख्ख्या तालुक्यात बायकोचा आवाज फिरवू? जीपमध्ये? पानाच्या टपरीवर?"

"नाव फिरतंय ते चालतं," सकुबाई म्हणाली. "आवाज नाय चालत?"

"त्याच्यासाठीच तर हा कागद केला!"

"कागदावर माझी सही कुठं घेताय?"

वाळूनं कागद उलटा करून बघितला. नव्हती.

हनुमानाला मनातून बरं वाटत होतं. भांडण त्याच्या घरातून उठून व्याह्यांच्या घरात गेलं होतं, आणि तो नुसता बघणारा झाला होता. "म्हणू दे ना हो व्याही," तो उदारपणे म्हणाला. "रीतच आहे. इथं घरातल्या घरात. काय बिघडतं?"

सकुबाई उठली. तिनं खांब सोडला, अंगणाकडे तोंड केलं, आणि कोणी गिटारीला हात घालायच्या आधी सुरू केलं. आवाज जाड होता, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, आणि तो घरातल्या घरात राहणारा नव्हता. शेजारच्या धोब्याच्या अंगणात सुकत घातलेल्या चादरींमागून दोन बायकांची तोंडं वर आली.

हनुमान व्याही आला गो, फेटा बांधून आला,
फेटा बसेना डोक्यावर, रशीनं आवळला,
जेवण वाढता वाढता, कढईशी बोलला,
'पाहुण्यांनो, पुरे आता, मीच नाय जेवला!'

चंद्रकला हसली. तोंडावर पदर होता, पण खांदे हलत होते. शाम उघड हसला. हनुमानही हसला, कारण रीत होती.

लेक निघाली सासरी गो, बाप कुठं दडला?
मांडवाच्या मागं जाऊन, खुर्च्या मोजत बसला,
दोनशे आणल्या भाड्यानं, एकशे नव्याण्णव भरल्या,
लेक गेली, नाय रडला, खुर्चीसाठी रडला!

आता कोणी हसलं नाही.

हनुमान जागच्या जागी होता तसाच राहिला. त्याला ती खुर्ची आठवली. लाल होती. पाठीला चीर गेलेली. दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी सापडली. जीप हलली तेव्हा तो मांडवाच्या मागं होता हे खरं होतं, आणि त्याला समोर उभं राहवलं नसतं म्हणून तो मागं गेला होता, हेही खरं होतं. खुर्च्या तिथं होत्या म्हणून त्यानं मोजल्या. दगड असते तर दगड मोजले असते. पण हे गाण्यात बसणारं नव्हतं.

त्यानं दाराकडे बघितलं. दिपिका तिथं उभी होती. ती त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. तिनं जीपमधून मागं वळून बघितलं होतं. तिला तीन वर्षं माहीत होतं.

"तुमाला कसं दिसलं, आई?" दिपिकानं सासूला विचारलं.

"मांडवात विहिणीला दुसरं काम काय असतं? बघणं."

"हे रेकॉर्ड व्हायचं नाय," हनुमान म्हणाला. आवाज नको तितका मोठा आला.

"बघा!" वाळू म्हणाला. "आता कळलं?"

"मी कारखान्यात कसा तोंड दाखवू? तिथं तर नव्या पोरांच्या कानात ते आहेच. उद्या 'खुर्ची, खुर्ची' करतील."

"मला 'रुसलीचा नवरा' बोलतात. पंचायतीत. मीटिंग चालू असताना."

दोघं पाच आठवड्यांत पहिल्यांदा एकमेकांशेजारी बसले. हनुमानानं स्टँपपेपर स्वतःकडे ओढला. "'सदर गाणे' इथं 'सदर दोन्ही गाणी' करू."

"बरोबर. आणि 'उभय पक्षांच्या संमतीने' घालू."

"पेन द्या."

चहा थंड झाला होता, तो दोघांनी प्यायला. इतकं एकमत विशे आणि देसले घराण्यांत लग्न ठरतानाही झालं नव्हतं. दहा मिनिटांत मसुदा झाला. दोन्ही गाणी बंद. नम्रता वाद्य धरणार नाही, आरती वगळून. सकुबाई भात लावताना म्हणू शकेल, पण हळू. आणि दिपिका आज, आत्ता, जीपमधून सासरी. सही फक्त एक लागत होती.

"ये नमू," हनुमान म्हणाला. "आता तर तुझ्या बहिणीचं पण झालं ना काम."

नम्रतानं पेन घेतलं. तिनं बहिणीकडे बघितलं. सकाळपासून तिच्याकडे एक उत्तर तयार होतं, लांबलचक, जोरदार, सगळ्यांना गप्प करणारं. समोर दिपिकाचा उद्याचा साडेनऊचा दरवाजा होता, आणि त्याच्यापुढं ते उत्तर तिलाच पोकळ वाटत होतं. ती सही करणार होती. वाकली पण होती.

"मी येणार नाय," सकुबाई म्हणाली.

"कुठं?"

"घरी. माझं टेपवर उतरत नाय तोवर मी इथंच."

"इथं?" वाळू अर्धा उठला. विहिणीनं सुनेच्या माहेरी रुसून राहायचं, हे दोन्ही तालुक्यांत कोणी ऐकलं नव्हतं. "लोक काय बोलतील?"

"बोलतील, रुसली," सकुबाई म्हणाली. "बोलतातच."

दिपिका पडवीत आली. तिची पिशवी सकाळीच भरून ठेवलेली होती, ती तिनं खांद्याला लावली.

"बाबा, मी निघते," ती म्हणाली, आणि ते कोणत्या बाबांना होतं हे दोघांनाही नक्की कळलं नाही. मग सासऱ्याकडे वळून: "आई इथं राहिल्या तर उद्या पहाटे म्हशींच्या धारा कोण काढणार?"

वाळूनं फाइल दुसऱ्या काखेत घेतली.

"राबाला माणसं सांगितलीत मंगळवारी. अकरा माणसं. त्यांच्या भाकऱ्या?"

"तू… तू चल ना. तेच तर बोलतोय. सही झाली की…"

"सही नाय. मला न्यायचं तर आता न्या. असंच. साडेनऊला मी अंगणवाडीत, त्याच्या आधी म्हशी आणि भाकऱ्या. नायतर मी पण बसते आईंच्या शेजारी, आणि तुमी दोघं जा घरी." तिनं शामकडे बघितलं. "तुमाला भाकरी येते?"

"नाय," शाम म्हणाला. आणि त्यानं तिची पिशवी घेतली.

वाळू देसल्यानं घरातलं चित्र डोळ्यासमोर आणलं. त्याला फार वेळ लागला नाही. त्यानं स्टँपपेपर फाइलमध्ये ठेवला, तो फुकट गेला म्हणून एकदा हळहळला, आणि जीपकडे चालू लागला.

नम्रता बहिणीमागं अंगणात धावली. "ताई. थँक्यू."

"तुझ्या गाण्यासाठी नाय केलं," दिपिका म्हणाली. "मी अजून चिडलेय तुझ्यावर. चिडलेलीच राहणार आहे." तिनं जीपचं दार ओढलं. हनुमान समोर, फाटकाशी उभा होता. ह्या वेळी तो कुठं गेला नाही. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्यानं फाटक धरलं, आणि जीप वळून दिसेनाशी झाल्यावरही धरून ठेवलं.

*

तीनला लाइट गेली ती पाचला आली. तोवर माळ्याखालच्या खोलीत नम्रतानं गोधड्या टांगल्या, टेपरेकॉर्डर तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि लहान अँप्लिफायर उखळावर. गुणाबाई पाटावर बसली. चंद्रकला दारात उभी राहिली, आपण फक्त लाइट बघायला आलोय असं सांगत.

सकुबाईच्या पायात चपला नव्हत्या. माइकसमोर ती पहिल्यांदा घाबरलेली दिसली.

"मला ताल येत नाय तुझ्यासारखा."

"मला पण येत नाय," नम्रता म्हणाली. "मला तीनच सूर वाजवता येतात. ज्यांचं ऐकून मी शिकले ना मावशी, त्यांनापण सुरुवातीला तेवढेच येत होते. तुमी थांबायचं नाय, बस. मी मागून येते."

"खुर्चीचं म्हणू?"

नम्रता घुटमळली. बाप अजून फाटकाशीच होता, खिडकीतून दिसत होता. "तुमचं गाणं आहे. तुमी ठरवा."

सकुबाईनं गुणाबाईकडे बघितलं. "उत्तर कोणाला द्यायचं असतं, गुणाबाय? रीत काय?"

"ज्यानं दुखवलं त्याला," गुणाबाई म्हणाली. "नाव घेऊन."

"तू तर नाय दुखवलंस. तू गाणं केलंस. चांगलं केलंस." तिनं टेपच्या फिरत्या चाकांकडे बघितलं. "आणि ह्या पोरीच्या बापानं तर माझं काहीच नाय बिघडवलं. बेंजोवाल्यांना हात त्यांनी नाय केला."

मग तिच्या मनात काय आलं ते चंद्रकलाला आधी कळलं. तिनं दाराची चौकट घट्ट धरली. एकतीस वर्षांच्या संसारात सकू देसलिणीनं ते नाव एकदाच उच्चारलं असेल, लग्नात, उखाण्याच्या शेवटी, आजूबाजूला फुलं, देव आणि नदी लावून. त्यानंतर 'हे', 'अहो', 'शामचे बाबा'. रेशनच्या दुकानात ती कार्ड पुढं करायची आणि दुकानदार वाचायचा.

"वाजव," ती म्हणाली.

नम्रतानं तार खेचली. अँप्लिफायर खरखरला, उखळ दणाणलं, शेजारच्या चादरींमागची तोंडं परत वर आली.

"वाळू," सकुबाई म्हणाली. नुसतं. पुढं मागं काही नाही.

छप्पर जागेवर होतं. तिनं वर बघून खात्री केली. मग श्वास घेतला, आणि तेच नाव वरच्या पट्टीत, पूर्ण ताकदीनं, परत घेतलं, आणि ह्या वेळी त्याच्यापुढचं बाकी सगळं आलं.